बाबांच्या घराचं गिऱ्हाईक

प्रिय ताई,

आपल्या लहानपणी बाबा दारावर घराचा नंबर ठोकत होते, ती ठकठक टोलेडोच्या आपल्या जुन्या घरी पोचताच शाळेतल्या कवितेसारखी कानात घुमली. मी बरा आहे. तुझा खोकला?

बाबांमागे विकायला काढलेल्या या घराला गिऱ्हाईक आलं होतं. मार्कस, बसचालक, बायको गरोदर. त्याचं कर्ज सरकारी हमीचं, म्हणून घर बघायला आलेला तपासनीस म्हणाला, "व्हरांड्याचे पोपडे खरवडून नवा रंग दिल्याशिवाय कर्ज मिळायचं नाही."

मी ताडकन म्हणालो, "मग रोखीवाला बघतो!" मार्कस मान खाली घालून गेला.

शेजारच्या ओपलबाई फणकारल्या, "तुझ्या बापानं काय रोख मोजली होती? असल्याच हमीवर घेतलं ना!" ताई, शरमेनं मान वर होईना.

दार वाजतंय. खिडकीतून बघतो तर मार्कस, शिडी घेऊन! बाहेरूनच म्हणतोय, "आजोबा, रंग माझा, मेहनत माझी. तुम्ही फक्त हो म्हणा."

कोणत्या तोंडानं दार उघडू?

तुझा ओशाळलेला भाऊ,
एमेट