मांजरीचं नाव

अमरावती,
मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी १९६४

सौ. सत्यवतीवहिनी यांस,
जयभीम. 'सप्रेम' लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतंच.

इकडे ठीक आहे. शाळेत चौथीच्या परीक्षेची गडबड आहे. महिला मंडळाच्या अध्यक्षपदी तुमची निवड झाल्याचं दादांच्या कार्डावरून कळलं. येत्या रविवारी दुपारी पहिली बैठक तुमच्याच घरी आहे, हेही कळलं. अभिनंदन.

आता मांजरीबद्दल. दादा तिला पोत्यात घालून एस.टी.ने घेऊन आले त्याला महिना झाला. 'आईंची मांजर दूध सांडते, तुम्ही ठेवली नाही तर मोर्णा नदीपलीकडे सोडू,' असा तुमचा निरोप होता. मी ठेवून घेतली. मोठं, वयात आलेलं मांजर पाळायची मला सवय नाही. चार दिवस ती खाटेखालून निघाली नाही. 'मनी, मनी' करून माझा घसा बसला, तिने कानसुद्धा हलवला नाही. मला वाटलं, अकोल्याची म्हणून आम्हा अमरावतीकरांशी तोऱ्यात वागते.

शेजारच्या माणिकबाई म्हणाल्या, "नवं घर हाय तिले. पंधरा रोज जाऊ द्या, मंग पहा कशी मांडीवर येते ते."

पंधरा दिवस गेले. खायला लागली, पण ताटलीत नाही. भाकरीचा तुकडा तोंडात धरून कोपऱ्यात न्यायची, पाठ भिंतीला लावायची आणि दाराकडे डोळे ठेवून खायची. मी झाडायला फडा उचलला की खाटेखाली. एवढं कोणतंही मांजर करतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

मग एक दिवस माणिकबाईंच्या नातवाने अंगणातून आजीला हाक मारली, "ओ बुढे, चाय झाला!" हाक लाडाची होती. माझ्या पायाशी बसलेली मांजर पोट जमिनीला घासत पळाली आणि मुतली. वहिनी, जागच्या जागी मुतली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हळूच म्हणून पाहिलं, "बुढे." पुन्हा तेच. मला हसू आलं. वाटलं, तुम्ही मांजरीचं नावच 'बुढे' ठेवलंय आणि दुधापायी तिला बदडलंय. तुम्हाला चार खडे शब्द लिहायचे ठरवले होते, एका मुक्या जिवासाठी.

परवा तुमच्या शेजारचे नत्थुजी मुलीकडे इथे आले होते, ते भेटून गेले. त्यांना मी ही गंमत सांगितली. ते हसले नाहीत. टोपी काढून हातात धरली.

"बाई, मांजरीले कोन बुढे म्हनन? बुढे तं तुमच्या मायले म्हनतेत. मांजर बुढीच्या गोधडीत राहे, म्हनून तिलेबी मार लागे."

"आणि दादा?"

"शेषराव पेपर वाचत राह्यते."

नत्थुजींवर राग काढू नका. मी चारदा विचारलं तेव्हा ते बोलले.

तुमच्या प्रत्येक कार्डावर 'आई मजेत आहेत' असायचं. आईला लिहिता येत नाही. मांजर आली नसती तर मला काहीच कळलं नसतं, आणि तुम्ही तिलाच माझ्याकडे धाडलंत. एवढी चूक तुमच्याकडून झाली.

एक गोष्ट मी लिहायची टाळत होते, तीही लिहून टाकते. दीड वर्षापूर्वी आई माझ्याकडेच होती. मी वह्या तपासत होते, ती खोकत होती. "म्हातारे, जरा गप्प बसशील का?" असं मी ओरडले. आठवड्याने तिला अकोल्याला पोचवलं. लोकांना सांगितलं, खोल्या लहान पडतात. खोल्या तेवढ्याच आहेत. म्हणून तुमच्याइतकंच मीही चळाचळा कापावं, हे मला कबूल आहे. माझी शिक्षा आई ठरवील. तुमची मी ठरवली आहे.

रविवारी मी येते. बैठक भरलेली असेल तेव्हाच येईन. आधी वाटलं होतं, मांजर टोपलीतून आणावी, सगळ्या बायांसमोर तो एक शब्द उच्चारावा आणि अध्यक्षबाईंच्या सतरंजीवर काय होतं ते दाखवावं. दोन दिवस त्याच कल्पनेवर मी जेवले. पण तो शब्द आईच्याही कानावर जाईल. ती काय करील ते मला पाहवणार नाही आणि बायांनीही पाहू नये.

तेव्हा असं करायचं. बायांसमोर तुम्ही आईचं गाठोडं बांधायचं. गोधडी, लुगडी, तिची पितळी, सगळं. ते गाठोडं डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत तुम्ही चालायचं, आई आणि मी मागून येऊ. वाटेत कोणी विचारलं, सासूबाई कुठे निघाल्या, तर उत्तर तुम्ही द्यायचं. खोटं बोललात तर मी मागेच असेन. नाही म्हणालात, तर जे वर लिहिलंय ते, तो एक शब्द सोडून, मी बैठकीत उभी राहून सांगीन. माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जातो.

मांजर इथेच राहील. आई सगळ्यांना 'माय' म्हणते, हे मला काल रात्री आठवलं. "ये वं माय," म्हटलं, तर उठून आली आणि मांडीवर चढली.

पार्बताबाईची लेक,
भागीरथा

ता. क. हे पत्र दादांना वाचायला देऊ नका. पेपर खाली ठेवायला सांगा आणि तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून दाखवा. तो शब्द तुमच्या तोंडून निघतो तसाच निघू द्या. आई आतच असेल, तेव्हा दार आधी लावून घ्या.