गाठोड्याची गोष्ट

२१ सप्टें.
बुद्धविहारात आज माझ्या गोष्टीचा पहिला भाग वाचला. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, दर रविवारी वाचन असतं. यंदा म्हटलं, स्वतःचंच लिहू. एक बाई नदीकाठी येते, डोक्यावर मेलेल्या लेकीच्या कपड्यांचं गाठोडं. नावाडी म्हणतो, ते ठेव, मग बस. बाई कपडे दान करते, हलकी होते. टाळ्या. बाया रडल्या. बायको, शोभा, पुढेच बसलेली, डोळे कोरडे. घरी येऊन एवढंच, "बाई वळखीची वाटली."
आमच्या लेकीला, पल्लवीला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या कपाटाला शोभा हात लावू देत नाही. गोष्ट तिच्यासाठीच लिहिली, कबूल. तोंडावर सांगायची छाती नव्हती.

२५ सप्टें.
रिसोडला दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. आलो तर कपाट रिकामं. महिला मंडळ येऊन गेलं. वंदनाबाई म्हणाल्या म्हणे, "मास्तरच्या गोष्टीनं डोये उघडले बाई. पोरीचे कपडे दसऱ्याच्या दानात दे."
"आणि तू दिलेस?"
"नाई कशी म्हणू? गावासमोर तुमीच तं सांगून बसले."

२७ सप्टें.
शो. बोलत नाही. भाकर वाढते, उठते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान... आमच्या बौद्ध घरात ही म्हण चालत नाही, पण लागू झाली.

२ ऑक्टो., अशोक विजयादशमी
बुद्धवंदना झाली, दान वाटलं. वीटभट्टीवरच्या एका मुलीनं पिवळा ड्रेस तिथंच घालून पाहिला. पल्लवीचा, बारावीच्या निकालाच्या दिवशीचा. उठून बाहेर आलो. चपला दुसऱ्याच्याच घालून घरी. त्या पोरीच्या अंगावरून ओरबाडून घ्यावासा वाटला. हा मी, गोष्टी लिहिणारा. थू.

६ ऑक्टो.
उद्या वर्षावासाचा समारोप. गोष्टीचा शेवटचा भाग वाचायचाय. बाई पैलतीरी पोचते, 'तिने मागे वळून पाहिलं नाही.' धादांत खोटं.
दुपारी शो. आली. वहीवर पल्लवीचा चष्मा ठेवला. माझ्या खणात होता, पुस्तकांखाली. हिला कधीपासून माहीत?
"हा काहून नाई देला दानात? नावाड्यानं तुमाले तसंच बसवलं काय नावेत?"
अकरा दिवसांनी बोलली. ती गेली भाकरी टाकायला.
ते वाक्य खोडलं. दुसरं येत नाही. सकाळी दहाला लोक जमतील. चष्मा वहीवरच आहे. तिने नेला नाही, मला उचलवत नाही.