तळमजल्यावरची मागची खोली

९ जानेवारी, गुरुवार. रोहा
तेहतीस आठवडे पूर्ण. शाळा सुटल्यावर कासू स्टेशनात गाडीत चढताच येईना. उजवा पाय पायरीवर ठेवला, डावा उचलायला गेले आणि अशी कळ आली की अर्धी आत, अर्धी बाहेर अडकले. मागे मासळीची रिकामी पाटी घेतलेली एक बाई. "गो बाय, उचल ना पाय!" म्हटलं, "नाय उचलत ओ." तिने पाटी खाली ठेवली, मला कमरेला धरून वर घेतलं. नागोठण्यापर्यंत माझा हात धरून बसली.
घरी सचिनला एवढंच सांगितलं, पाय दुखतायत.

१० जाने.
पाय नाहीत. ओटीपोटाच्या खाली, पुढे, दोन्हीकडची हाडं जुळतात तिथे. पंधरा दिवस झाले. कूस बदलताना, सलवार घालताना, कमोडवरून उठताना. वर्गात पोरांना शरीराचे अवयव शिकवते, आणि नवऱ्याला बोट दाखवून सांगावं लागलं. आधी हसला, मग माझं तोंड बघून शेजारी येऊन बसला.
यापुढे वहीत नुसतं पु. हा. लिहीन. पुढचं हाड.

१३ जाने., सोम. पेण
डॉक्टर मॅडमनी तपासलं. बाळ छान. पु. हा.चा सांधा सैल झालाय. बाळाला वाट मिळावी म्हणून सगळ्यांचाच होतो, कुणाचा फार दुखतो. "खरं दुखणं आहे हे, मनाचं नाही." एवढ्यावर रडायलाच आलं. पाय दुखतायत म्हटलं की दोन आठवडे एकच ऐकतेय, सगळ्यांनाच होतं, चालत राहा म्हणजे सुटका सोपी होईल. दुखत असताना रेटून चालायचं नाही म्हणाल्या. रजा आजपासून.
सचिनच्या शिफ्ट, रोह्याला दिवसभर मी एकटीच. म्हणून माहेरी. माहेर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सातव्या पायरीवर बसकण मारली. वरून आई, "हळू ये, घाई नाही." घाई कुठली, उठताच येईना.
तळमजल्याचं दार उघडलं. हन्नामावशी. सत्तरीच्या, एकट्या. मुलगा, सून, नातवंडं इस्राएलला. पेणमध्ये त्यांच्या ज्यू समाजाची आता दोन-तीन घरं राहिलीत. लहानपणी यांच्याकडेच पडीक असायचे.
"वर कशाला मरायला चढतेस गो? माझी मागची खोली रिकामी हाय."
बसूनच एकेक पायरी उतरले.

१५ जाने.
आई रागावलीय. "लेक बाळंतपणाला आली आणि शेजारी ठेवली, लोक काय म्हणतील?" दिवसातून चारदा डबा घेऊन खाली येते, पण दारातच उभी राहते. मावशी म्हणतात, "बस गो." ती म्हणते, "गॅसवर भाजी आहे." चारही वेळा भाजी.

१८ जाने., शनि.
फिजिओथेरपीवाली आली. माझ्याहून लहान मुलगी. कूस बदलताना गुडघे चिकटलेले. कपडे बसून घालायचे. एका पायावर उभं राहायचं नाही. गुडघ्यांमध्ये उशी, कमरेला पट्टा.
मग कुशीवर झोपवून म्हणाली, वरचा गुडघा हळूहळू उचला, दुखलं की थांबा. दोन गुडघ्यांमधलं अंतर टेपने मोजलं. वीतभरच. कागदावर लिहून दिलं, प्रसूतीच्या वेळी यापलीकडे पाय ताणायचे नाहीत, कुशीवर घेता आलं तर बघावं. "तिथे तुम्ही स्वतः सांगायचं बरं का." मी? अजून आईलाही नेमकं कुठे ते सांगितलेलं नाही...

२५ जाने.
मावशींचा जुना वॉकर आठवडाभर भिंतीला टेकून होता. त्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनचा. एकोणतिसाव्या वर्षी वॉकर! नाही म्हणत होते. आज संडासला जाताना भिंत सुटली, तेव्हा घेतला. बरं वाटलं. हातांवर भार गेला की पु. हा. निम्मं शांत.
संध्याकाळी आवारात मी वॉकरवर, मावशी काठीवर. "शर्यत लावतेस का?" म्हणाल्या. हसले, आणि हसल्यावर दुखलं, म्हणून आणखी हसले. वर गॅलरीत आई उभी होती. खाली आली. पहिल्यांदा आत आली, खाटेवर बसली.
"नेमकं कुठे गं?"
तिचा हात घेऊन तिथे ठेवला. हात काढला नाही तिने. म्हणाली, "मला वाटलं, नोकरीला कंटाळलीयस."

२ फेब्रु.
वाईट दिवस. सकाळी फोन घ्यायला झटकन वळले, उशीबिशी विसरून. अकरापर्यंत उभी राहू शकले नाही. बर्फ. डॉक्टरांनी चालेल सांगितलेली गोळी.
बाळाचा राग आला. लिहून ठेवतेय, नंतर नाही म्हणायला नको. पाच मिनिटं खरंच राग आला. ते आत मजेत लाथा मारत होतं.

७ फेब्रु.
मावशींच्या मुलाचा फोन. कायमचं ये म्हणतो, मार्चमध्ये स्वतः न्यायला येणार. "बघू," म्हणाल्या. फोन ठेवून तांदूळ निवडायला बसल्या. मग मला, "तू सुखरूप मोकळी झालीस की नवसाचा मलिदा करणार हाय. एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला, नवस बोलले मी." आई म्हणाली, पोहे मी भिजवते, नारळ मी खवते. आता दोघींचं चाललंय, वेलची किती घालायची.
आईच्या गॅसवर हल्ली भाजी नसते.

१३ फेब्रु., गुरु.
अडतीस पूर्ण. बाळाचं डोकं खाली बसलंय. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आता केव्हाही. डोक्याच्या दाबाने पु. हा. आणखी जोरात दुखतंय. दुखणं कधी जाईल विचारलं. बहुतेकींचं काही आठवड्यांत जातं, काहींना महिने लागतात. माझं? "आत्ता सांगता येणार नाही गं."
सचिन दुपारी आला, रविवारपर्यंत सुट्टी काढून. मागच्या खोलीत आम्ही दोघंच. म्हणाला, "भीती वाटते का?"
वाटते. पण बाळंतपणाची नाही. नंतरची. बाळ रडेल आणि मला उठून त्याला घेता येणार नाही, याची. हे आजवर कुणालाच बोलले नव्हते.
"तू बसून राहा. मी आणून देईन तुझ्याकडे."
"आणि फर्स्ट शिफ्टला असशील तेव्हा?"
त्याने खिशातून फोन काढून शिफ्टचं वेळापत्रक उघडलं, एकेक आठवडा वर सरकवत बसलाय. अर्धा तास झाला. मधेच विचारलं, "बाळ दिवसातून किती वेळा उठतं गं?"
मला कुठे माहीत आहे.