झाकणावर काय लिहिलं

आई, तुला जाऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हा आता मला कुणी गप्प बसवणार नाही. आज इकडे परदेशात, पार्सिपनीतल्या माझ्या घरात मी बर्फाच्या वादळासाठी प्लास्टिकचा मोठा डबा भरतेय, आणि कुठली वस्तू कशासाठी ते मुद्दाम मोठ्यानं बोलतेय. टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, पाण्याचे गॅलन, ब्लँकेटं, वायरवाला जुना फोन. वीज गेली तर. रस्ते बंद झाले तर. लेकीचा दमा उसळला तर. ऐकू दे वास्तूला.

तू घरात 'तर' उच्चारू द्यायची नाहीस. शुभ बोल रे नाऱ्या, वास्तू तथास्तु म्हणते. मी दहा वर्षांची होते, बाबांचा दमा बघून एवढंच म्हणाले होते की औषधाची एक बाटली जास्तीची आणून ठेवू या, संपली तर? तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं खाली ठेवून दटावलंस, की घरात आजार मागून घेऊ नकोस. पंधरवड्यानं भर दुपारी बाटली रिकामी निघाली, आणि पुण्यातलं औषधाचं दुकान चारपर्यंत उघडणार नव्हतं. शेजारच्या काकूंनी कुणाकडून तरी गोळ्या मागून आणेपर्यंत बाबा खिडकीचे गज धरून उभे आहेत, त्यांचे खांदे वरखाली होतायत, आणि मी बघतेय. ते वाचले. संध्याकाळी तू मला स्वयंपाकघरात बोलावलंस आणि अगदी हळू म्हणालीस, "तू बोललीस म्हणून झालं हे."

ते कुलूप मी तोंडाला लावून इथवर आले. गेल्या हिवाळ्यात टीव्हीवर तीन दिवस वादळाचं सांगत होते, शेजारीण गाडी भरभरून सामान आणत होती, आणि मी विषयसुद्धा काढला नाही. वीज गेली. तांदूळ-डाळींनी भरलेल्या घरात आम्ही कोरडा चिवडा खाल्ला, कारण शेगडी विजेची. त्याचं हसू आलं असतं, पण लेकीला औषधाची वाफ देणारं मशीनही विजेचंच. तिचे खांदे तसेच वरखाली व्हायला लागले. नवऱ्यानं निसरड्या बर्फावरून जीव मुठीत धरून गाडी चालवली, हॉस्पिटल गाठलं, ती वाचली. मी एक शब्द बोलले नव्हते, आई. तरी झालं. तुझं सगळं शास्त्र तिथेच खोटं पडलं. त्या दहा वर्षांच्या पोरीनं काही केलं नव्हतं. बाटली आणायला हवी होती, बस्स. मला तुझा अजून राग येतो.

मघाशी लेक डब्यात डोकावून म्हणाली, "विल इट हॅपन अगेन?"

"होऊ शकतं," मी म्हटलं. "म्हणून तर तुझे पंप दोन ठेवलेत, आणि मशीन बॅटरीवर चालणारं घेतलंय."

तिनं मान डोलावली आणि रेडिओ लागतो का ते बघत बसली. तिला माझ्यासारखं दचकायला कुणी शिकवलेलं नाही, आणि मी शिकवणारही नाही.

हे पत्र त्याच डब्यात, ब्लँकेटांखाली ठेवतेय. एक मात्र सांगते. झाकणावर 'वादळासाठी' असं लिहायला मार्कर उघडला, आणि तो शब्द काही हातून उतरेना. शेवटी मोठ्या अक्षरांत 'पिकनिक' असं लिहिलं. नवरा हसला. तू हसू नकोस.