सुपारी गोठ्यात हाये

दादा,

चहाचं पातेलं चुलीवर हाये. पाव्हणे आले की त्यायले पाज. तुह्या लग्नाची सुपारी फोडाले मात्र गावातलं एकही म्हातारं येनार नाही. रोज दुपारी ज्यायले मी रेडिओ ऐकाले जमा करते, ते सारे आज माह्यासोबत गीताबाईच्या मळ्यात हायेत.

मी कोनाच्या डोळ्यात पाहत नाही, एकच गोष्ट घोकत राह्यते, म्हनून मांगच्या खेपेले पाव्हण्यायपासून लपवाले तू मले गोठ्यात कोंडलं. काल रेडिओ ऐकनाऱ्या म्हाताऱ्यायपैकी महादेवबुवानं विचारलं, "पोरी, त्या दिवशी रेडिओ काऊन नाही लावला वं?" मले खोटं बोलता येत नाही. आज सकाळी सारे आपनहून मळ्याच्या बैलगाडीत चढले.

सुपारी गोठ्यात दावनीपाशी ठेवली हाये. एकटाच फोड.

द्वारकी