तुमचं राहिलेलं एक वाक्य

प्रिय मात्वेई पावलोविच,

तुमच्या लेकीचं पत्र काल तार ऑफिसच्या पत्त्यावर आलं. तुम्ही जाऊन दोन महिने झाले म्हणे! मी खुर्चीवरून उठलो, पुन्हा बसलो. हे पत्र मी मुद्दाम मराठीत लिहितोय. रशियनमध्ये लिहायला बसलो, तर पुन्हा गोड गोड शब्द निवडत बसेन. तेच आता नकोय.

पत्रासोबत एक फोटो आहे. मैदानावर आपल्या फुटबॉल क्लबच्या तंबूपुढे तुम्ही उभे, एका बाजूला आपला खेळाडू शंभू, दुसऱ्या बाजूला छत्री धरलेला मी. मागे तुमच्या अक्षरात लिहिलंय, 'कलकत्त्यातले माझे पाय आणि माझी जीभ.' अहो, कशाला लिहिलंत असं?

आपली पहिली भेट आठवते का हो? संध्याकाळच्या वर्गात दोन वर्षं रशियन घोकलेला मी तारबाबू. क्लबला रशियन कोच येणार आणि दुभाष्या हवा, म्हणून मला धरून आणलेलं. तुम्ही माझं नाव विचारलंत, मग वडिलांचं. विष्णू म्हटल्यावर खूश होऊन तुमच्या रशियन रीतीनं म्हणालात, "दामोदर विष्णोविच!" मी म्हटलं, आमच्यातही नावापुढे वडिलांचं नाव लावतात. तेव्हा तुम्ही असा हात दाबलात, की दुसऱ्या दिवशी तारेची कळ दाबताना बोटं ठणकत होती.

आमच्या घरी बायकोच्या, सुमनच्या हातची थालीपिठं तुम्ही एकामागून एक खायचात. आईच्या काळ्या पावाची आठवण येते म्हणायचात. तुमचं सगळं आयुष्य मला त्या पाटावरच कळलं. कारखान्याच्या टीममध्ये सतराव्या वर्षी हाफबॅक म्हणून उभे राहिलात, मैदानाच्या मधोमध, सगळ्यांपेक्षा जास्त पळणारे. मग युद्ध आलं. ऐन खेळायची चार वर्षं त्यात गेली आणि दोन भाऊही गेले. परत येऊन पुन्हा खेळायला लागलात, तर गुडघा सुजलेला असताना कारखान्याच्या डायरेक्टरनं इंजेक्शन देऊन उतरवलं. तो शेवटचा सामना. "मी नाही म्हणायला हवं होतं," तुम्ही म्हणालात. "माझ्या वतीनं नाही म्हणणारं कोणी नव्हतं. म्हणून कोच झालो."

हे मला माहीत होतं, मात्वेई पावलोविच. सगळं माहीत असून मी तसं वागलो.

सुरुवातीला गंमतच होती. आपली मंडळी जन्मभर अनवाणी खेळलेली, बूट घातले की चिखलात बदाबद पडायची. तुम्ही ओरडायचात, "गाढवांनो, पायाकडे काय बघता, पुढे बघा!" आणि मी बंगालीत म्हणायचो, "साहेब म्हणतात, जरा पुढे लक्ष असू द्या." पोरं खूश! रशियन साहेब किती सौम्य बोलतात म्हणून बाहेर सांगायची. मलाही वाटायचं, आपण किती छान सांभाळून घेतोय. मोठ्या माणसापुढे तोंडावर नाही म्हणायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं.

आणि गंमत बघा, दिवसभर ऑफिसात मी लोकांच्या तारा पाठवतो. त्यातला एक शब्द इकडचा तिकडे केला, तर नोकरी जाईल. मेल्याची तार मेला म्हणूनच जाते. ते सगळं काम संपवून मी मैदानावर यायचो आणि तुमचे शब्द खुशाल बदलायचो.

मग तो दिवस आला. मोठ्या सामन्याच्या आदल्या दुपारी शंभूचा गुडघा नारळाएवढा सुजला होता. तुम्ही तो दोन्ही हातांनी चाचपलात, उठलात आणि तडक क्लबच्या सेक्रेटरीबाबूंच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिलात. शंभू खेळणार नाही, असं तुम्ही ठणकावून सांगितलंत. सेक्रेटरीबाबूंच्या कपाळावर आठ्या चढलेल्या मला दिसल्या. बाहेर तिकिटांची रांग पार ट्रामच्या रुळांपर्यंत गेली होती. मी म्हणालो, "साहेब म्हणतात, विश्रांती मिळाली तर बरं. बाकी आपण ठरवाल तसं."

सेक्रेटरीबाबू हसले, तुमचा हात हातात घेतला. तुम्हाला वाटलं, त्यांनी ऐकलं. तुम्हीही हसलात.

दुसऱ्या दिवशी शंभू मैदानात उतरला. तुम्ही माझा दंड धरून विचारलंत, "तू सांगितलंस ना?" मी म्हणालो, "सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही." मध्यंतरानंतर शंभू पडला तो उठलाच नाही. चौघांनी उचलून आणलं. तुम्ही त्याच्या शेजारी चिखलात बसून रडत होतात, आणि मी तुमच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. तेव्हा तरी बोलावं की नाही मी?

तुम्ही मुदतीआधीच मायदेशी निघालात. हावड्याच्या फलाटावर शिट्टी होईपर्यंत डब्याच्या दारात उभे राहून तुम्ही शंभूची वाट पाहिलीत. "का आला नाही?" मी म्हणालो, "पाय दुखत असेल."

पाय दुखत होताच. पण तो रागावला होता म्हणून आला नाही. कोचनं आमच्यावर सोपवलंय, असं त्याला सेक्रेटरीबाबूंनी सांगितलं होतं. गेल्या वर्षी एस्प्लनेडच्या ट्राम थांब्यावर भेटला, काठी टेकत. आता ज्यूट मिलच्या फाटकावर हजेरी घेतो. म्हणाला, "तुमच्या साहेबाला सगळं कळत होतं, बाबू. माझ्यासाठी एक शब्द बोलला नाही." मी काय केलं असेल? "जुनं कशाला उकरतोस," म्हटलं आणि ट्राम पकडली.

तुमच्यावरही राग येतो कधी कधी. एवढा आंधळा विश्वास कोणी ठेवतं का? बंगालीतले दहा शब्द शिकला असतात, तर माझी लबाडी तिथल्या तिथे पकडली असतीत!

लेकीनं लिहिलंय, शेवटच्या आजारपणात बाबा विचारायचे, त्या शंभूचा गुडघा कसा आहे? तिला उत्तर हवंय. ते मी रशियनमध्ये लिहीन, माझं नाव न लपवता.

त्याआधी येत्या रविवारी हावड्याचा पूल ओलांडून शंभूच्या घरी जाणार आहे. त्याची आई घरात असेल, तिच्यासमोर सांगेन. त्यानं शिव्या घातल्या तर खाईन, काठी उगारली तरी हलणार नाही. मी काय बोललो होतो ते आधी सांगेन. मग तुम्ही काय बोलला होतात ते सांगेन, तार वाचून दाखवावी तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता:

"हा उद्या खेळणार नाही. खेळला तर पुन्हा कधीच खेळणार नाही. सामना हरलो तर मला काढून टाका, पण या पोराला हात लावू देणार नाही."

तुमचा दुभाष्या,
दामोदर विष्णोविच