नको म्हणायची पद्धत

९ नोव्हेंबर

कॉफी मिळाली नाही.

व्हर्नाच्या दारात उभी होते. चव्वेचाळीस वर्षांचा शेजार, शेवटचा निरोप. ती म्हणाली, "कॉफी घेशील ना, आर्डिस?" मी म्हणाले, "नको गं, निघायचंय आम्हाला." आता ती दुसऱ्यांदा विचारणार, मी म्हणणार तुला उगाच त्रास, ती तिसऱ्यांदा विचारणार आणि मग मी म्हणणार — बरं, अर्धा कप. असंच असतं आमच्याकडे. किटली चढवलेलीच होती. वास येत होता.

रोझॅनने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "नको म्हणतेय ना ती! चल मा, सोळाशे मैल जायचंय."

व्हर्नाचं तोंड दुसऱ्या प्रश्नासाठी उघडलेलं होतं. ते तिने मिटलं. मी तरी काय बोलणार — की मला हवी होती?

गाडीत बसले. "ठीक आहेस ना, मा?" "ठीक आहे." संपलं. तिच्या दृष्टीने संपलं.

रोझॅन माझी सून. माझा मुलगा कर्ट जाऊन अडीच वर्षं झाली, तेव्हा अजून सून म्हणावं का, माहीत नाही. न्यू जर्सीची. शब्दातला 'र' गिळते आणि बाकी सगळं बाहेर फेकते.

गाव सोडताना चौकात समोरून आमच्या गावातल्या लॉयलची गाडी आली. दोघंही थांबलो. लॉयलने हात केला, तुम्ही आधी. आता आम्ही हात करायचा, तुम्ही आधी. मिनिटभर ते चालतं, त्यात हातवारे होतात, हसणं होतं, तब्येतीची चौकशी होते. रोझॅन म्हणाली, "हे लोक चौकात म्हातारे होतात की काय?" आणि हॉर्न वाजवून निघाली. हॉर्न! आमच्याकडे हॉर्न लग्नात वाजतो.

असा मी मिनेसोटाचा निरोप घेतला.


१० नोव्हेंबर, विस्कॉन्सिन

मोटेलच्या काउंटरवरची बाई अगदी आमच्यासारखी बोलत होती. 'ओ' लांब, वाक्याच्या शेवटी थोडा चढ. बरं वाटलं. खोलीत आल्यावर रोझॅनने फोनवर कोणाला तरी तिची नक्कल करून दाखवली. "शप्पथ सांगते, गाईला झोपवल्यासारखं बोलतात. सगळेच्या सगळे." मग माझ्याकडे पाहून, "तुला नाही म्हणत गं, मा."

मला नाही म्हणत! मग कोणाला?

चौतीस वर्षं मी हायस्कूलमध्ये साहित्य शिकवलं. पोरांची वाक्यं खोडली, विशेषणं खोडली. मी आयुष्यात कोणाची नक्कल केली नाही. करता येते. रोझॅनची तर फारच चांगली करता येईल.

लिहून टाकते, म्हणजे पोटातून जाईल. मार्चमध्ये चक्कर येऊन तळघराच्या जिन्यात पडले. चार तास तिथेच होते. डॉक्टर म्हणाले, यापुढे एकटीने राहायचं नाही. जूनमध्ये रोझॅनचा फोन आला. "मा, माझ्याकडे राहायला येतेस का?" मी म्हणाले, "नको गं, तुला कशाला त्रास." ती म्हणाली, "बरं. मग मी इथे जवळपास चांगली जागा बघते तुझ्यासाठी."

तीन सेकंद. माझं उरलेलं आयुष्य तीन सेकंदांत ठरलं.

मी फोन धरून बसले होते. वाटलं, आता विचारेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज विचारेल. आठवड्याने वृद्धाश्रमाची पत्रकं आली, रंगीत, त्यात बदकांचं तळं. मी कळवलं, छान आहे. घर विकलं. व्हर्ना म्हणाली, "सून काही म्हणाली नाही?" मी म्हणाले, "म्हणाली ना." व्हर्ना म्हणाली, "किती वेळा?"

मी पत्रकं उचलून ठेवली. व्हर्नाला कळलं.


११ नोव्हेंबर

शिकागोच्या खाली पेट्रोल पंपावर रोझॅन आणि पंपाजवळचा माणूस एकमेकांवर ओरडत होते. दोघं एकाच वेळी बोलत होते, हात नाचवत होते. मी गाडीची दारं आतून लावून घेतली. पोलिसांना बोलवावं का, याचा विचार करत होते.

ती हसत परत आली. "दार उघड, मा. फार गोड माणूस. त्याची मावशी आमच्या गल्लीतली."

"भांडत होता ना?"

"कोण भांडत होतं?"

ईरी सरोवराकडे बर्फ पडतंय म्हणून उद्या दक्षिणेकडून, केंटकीतून जायचं ठरवलं. म्हणजे ठरवलं तिने. मला विचारलं, "चालेल?" मी म्हणाले, "तुला सोयीचं असेल तसं." तिने ते होय धरलं. दर वेळी जे हवं तेच धरते.


१२ नोव्हेंबर, केंटकी

आज मी परदेशी झाले.

सकाळी रस्त्यावर एक शेतकरी हात दाखवून उभा होता. रोझॅनने काच खाली केली. तो वाकला, टोपी काढली, म्हणाला, "कशा आहात बायांनो? गारठा पडलाय." मग त्याच्या कुत्र्याबद्दल सांगितलं, त्याचा पाय कसा दुखावला ते. मग त्याच्या मेव्हण्याबद्दल. शब्द असे रुंद करून बोलत होता की एकेका शब्दात दोन दोन मावत होते. अर्धं मला समजत नव्हतं. पण रीत समजत होती. माणूस आधी बसतो, मग कामाचं बोलतो.

"रस्ता बंद आहे का?" रोझॅनने मध्येच तोडलं.

तो मग आणखी सावकाश बोलायला लागला. मेव्हण्याचं ट्रॅक्टर आलं.

"अहो साहेब, रस्ता! पुढे रस्ता आहे की नाही?"

त्याने टोपी घातली. "आहे की," म्हणाला, "रस्ता आहे." आणि बाजूला झाला.

रस्ता होता. पूल नव्हता. ओढ्याला आलेल्या पाण्याने सकाळीच गेला होता. तेच सांगायला तो बिचारा थंडीत उभा होता. मागे वळून बावीस मैलांचा फेरा. परत त्याच्या समोरून गेलो. त्याने हात हलवला, अगदी प्रेमाने. रोझॅन शिव्या देत होती. मी खिडकीबाहेर बघत होते. हसू येत होतं, ते दिसू नये म्हणून.

दुपारी ते हसू जिरलं.

जेवायला थांबलो. वाढणारी बाई मला 'लाडके' म्हणाली. माझं वय पंचाहत्तर. मी सूप मागितलं, पाव जरा भाजून मागितला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग रोझॅनकडे वळून विचारलं, "काय पाहिजे म्हणतायत त्या? कुठल्या देशाच्या?" रोझॅनने सांगितलं, सूप आणि पाव. म्हणजे माझ्या भाषेचं माझ्याच भाषेत भाषांतर केलं.

मी या देशात जन्मले. माझ्या आजोबांना याच देशात पुरलं. चौतीस वर्षं मी हीच भाषा शिकवली. ती बाई वाईट नव्हती, तेच तर. पाव स्वतः जास्तीचा आणून ठेवला. मला ऐकू येईल अशा बेताने रोझॅनला म्हणाली, "किती गुणाची गं तू, आईला घरी नेतेस."

रोझॅन तोंडात घास असतानाच म्हणाली, "घरी नाही, आश्रमात. छान आहे तो. तिलाच तसं हवं होतं."

तिलाच तसं हवं होतं.

मी सूप संपवलं. "छान होतं," म्हणाले.


१३ नोव्हेंबर

वेस्ट व्हर्जिनिया. आख्खं. एक शब्द बोलले नाही. तिच्या लक्षात आलं नाही.


१४ नोव्हेंबर, पेनसिल्व्हेनिया

लक्षात आलं होतं.

सकाळी गाडीत तिने रेडिओ बंद केला. "काय झालंय, मा?"

"काही नाही."

"तुम्ही लोक 'काही नाही' असं म्हणता की तोंडावर दार आपटल्यासारखं लागतं. कर्टही तसंच म्हणायचा. सांग ना."

"खरंच काही नाही."

"दोनशे मैल तोंड फुगवून बसलीस. मी गाडी चालवते, तुझ्या पेट्या उचलते, तुझ्या त्या बेचव पदार्थांसाठी जागा शोधते —"

"मी कधी म्हणाले शोध?"

"म्हणत नाहीस ना! तीच तर अडचण आहे. तू काहीच म्हणत नाहीस आणि मी दोषी!"

मग मी ते बोलले. आवाज माझा वाटला नाही. म्हणाले, "तू एकदाच विचारलंस."

तिला कळलं नाही. अर्थातच. "काय विचारलं?"

"जूनमध्ये. माझ्याकडे येतेस का म्हणून. एकदाच."

"तू नको म्हणालीस!"

"पहिल्यांदा नकोच म्हणतात!"

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. शेजारून ट्रक जात होते आणि गाडी हलत होती. मी तिला सांगितलं, सगळं. व्हर्नाची कॉफी. पहिल्यांदा विचारतात ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा विचारतात ते समोरच्याची लाज जावी म्हणून, तिसऱ्यांदा विचारलं की ते खरं. पंचाहत्तर वर्षांत मला हे कोणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. सांगताना ते वेडपट वाटत होतं. त्याचाही राग आला.

"आमच्या घरात," रोझॅन म्हणाली, "कोणी दोनदा विचारलं तर त्याचा अर्थ, पहिल्यांदा तू खोटं बोललीस. माझ्या आईला दोनदा विचारलं तर ती चप्पल काढायची." मग म्हणाली, "कर्टने मला बजावलं होतं. आईच्या मागे लागू नकोस. नको म्हणाली की सोड. तिला मागे लागलेलं चालत नाही."

कर्ट म्हणाला? माझा कर्ट? त्याच घरात वाढला, त्याच टेबलाशी. वड्यांच्या ताटलीतली शेवटची वडी आम्ही तिघं, तो, त्याचे वडील आणि मी, अर्धी, पाव, पावाचा पाव करत उरवायचो. आणि त्याला एवढंही कळलं नाही? तो मेला आहे. तरी रागावले मी त्याच्यावर. आत्ता लिहितानाही राग आहे.

 मग रोझॅनने समोर काचेकडे बघत विचारलं. तिच्या नेहमीच्या आवाजात नाही, हळू.

"मा, माझ्याकडे राहायला येतेस?"

"आता काय. सगळं ठरलंय."

"येतेस का?"

"तुझं तुला जगायचंय. मी कशाला मध्ये."

"मा. येतेस का?"

तीन झाले. मी म्हणाले, "बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे हो. हे तिला सांगितलं नाही. तिने मान हलवली आणि गाडी सुरू केली. पुढे जेवायला थांबलो तेव्हा ती फोन करायला बाहेर गेली, बराच वेळ आली नाही.

इथला वाढणारा पोऱ्या 'तुम्ही सगळे' म्हणायला त्यांच्याकडचा एकच शब्द वापरतो, तो मला तीनदा ऐकून कळला. काही बिघडलं नाही. जेवण चांगलं होतं. खरंच चांगलं होतं.

उद्या सरळ 'हो' म्हणायचं. तिच्या पद्धतीने. एका शब्दात.


१५ नोव्हेंबर

तिच्या घरी दारात पुरुषाचे बूट. कर्टच्या मापाचे नाहीत.

रोझॅन किल्ली हातात धरून उभी. सोळाशे मैलांत पहिल्यांदा तिला शब्द सापडत नव्हता. मग म्हणाली, त्याचं नाव सॅल. फेब्रुवारीपासून इथे राहतो. कालच फोन करून सांगितलंय, सामान न्यायला शनिवारी येतोय.

"जूनमध्येच बोलले होते त्याच्याशी," ती म्हणाली. "तू हो म्हणालीस तर त्याला जावं लागेल म्हणून. कर्टच्या घरात तुला दुसरा कोणी बघावा लागू नये. मग तुला फोन केला."

तीन सेकंद. त्याच्या आधी तिने हे सगळं करून ठेवलं होतं.

"आत ये, मा. खोली दाखवते."

"नको," मी म्हणाले. "त्याला सांग, सामान राहू दे. मला बदकांच्या तळ्याकडे सोड."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा विचारलं नाही.